तोंड न पाहिलेल्या दोघी

राविया आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा तिला आठवा महिना होता, आणि पहिल्याच दिवशी तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. चौथ्या मजल्यावर पोचून, धापा टाकत, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकाहत्तर! बहात्तर हव्यात. एक कुणीतरी खाल्लीय." मी तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारात उभी होते. मला ती आगाऊ वाटली. पहिल्या भेटीत मला बहुतेक माणसं आगाऊ वाटतात.

ती मन्सूरा शहरातली. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. पस्तिशी उलटली तरी लग्न नव्हतं, आई वारलेली, आणि नातेवाइकांनी हात टेकले होते. हिला आता नवरा मिळायच्या आधी पेन्शन मिळेल असं ते म्हणत, हे तिनंच मला हसत हसत सांगितलं. मग आमच्या हाज्जा बदियाचा मुलगा शौकी कुवेतहून सुट्टीवर आला. तिथे तो एका कारखान्यात खुर्च्यांचे पाय कोरतो. हाज्जानं बाजारात तांदूळ निवडावा तशी सून निवडली, लग्न लावलं, दोन महिन्यांनी शौकी परत गेला. दिवस गेले म्हणताच हाज्जानं सुनेला शाळेतून रजा घ्यायला लावली आणि आठव्या महिन्यात इथे दुमयातला आणून आपल्या डोळ्यांपुढे ठेवलं. तेव्हापासून राविया जिना उतरली नाही. पोटुशीनं एकाहत्तर पायऱ्या उतरायच्या नाहीत, हा हाज्जाचा हुकूम.

हाज्जा वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. सुनेला कबुतराचं सूप करून घालायची, पाय चेपून द्यायची. फक्त समोरच्याला काय हवंय हे विचारायची तिला सवय नव्हती. ती आमच्या गल्लीत कुणालाच नाही.

आमच्या इमारतीच्या पोटात तळापासून गच्चीपर्यंत एक उघडा चौकोनी उभा बोगदा आहे. त्याला मनवर म्हणतात. सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्यात उघडतात, सगळ्यांच्या दोऱ्या त्यात बांधलेल्या, आणि कुणाकडे कांदा जळला हे पाचही मजल्यांना कळतं. चौथ्यावर राविया, तिसऱ्यावर मी, आणि दुसऱ्यावर शैमा.

शैमा वीस वर्षांची. समुद्राकाठच्या इज्बत अल-बुर्ज गावच्या कोळ्याची मुलगी, नऊ भावंडांत वाढलेली, तोंडानं फटकळ. तिचा नवरा रमदान फर्निचरला पॉलिश करतो. राविया सोमवारी बाळंत झाली, मुलगा झाला, जियाद. शैमा बुधवारी, मुलगी, हबीबा. दोघींनी एकमेकींना तोवर पाहिलेलं नव्हतं, आणि आता पाहायची सोय उरली नाही.

कारण मुशाहरा. आमच्याकडे बाळंतिणीवर चाळीस दिवस कुणी अवचित येऊन चालत नाही. कच्चं मांस घेऊन येऊ नये, वांगी घेऊन येऊ नये, मयतीहून येऊ नये, नुकतं डोकं भादरलेला पुरुष तर मुळीच येऊ नये. आला तर दूध आटतं. रमदान बिचारा एकदा न्हाव्याकडून सरळ घरी आला, तर शैमाच्या सासूनं त्याला जिन्यातच थोपवला. शैमानं उंबऱ्याबाहेर येऊन त्याला आधी पाहावं, मगच आत घ्यायचा. शैमा मुद्दाम अर्धा तास उठली नाही. तो मांजरासारखा जिन्यात बसून होता.

या सगळ्यांत वाईट म्हणजे दुसरी बाळंतीण. चाळीस दिवसांच्या आत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं की एकीचं दूध जाणार, हे ठरलेलं. मी स्वतः या गोष्टी मानते की नाही, ते मला धड सांगता येणार नाही. मला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तपासायची वेळ आली नाही. नवरा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. इथे बायकांना मुलाच्या नावानं हाक मारतात, उम्म अमका, उम्म तमका, म्हणजे अमक्याची आई, तमक्याची आई. मला सगळे सनियाखाला म्हणतात, सनियामावशी. घरी बसून कारखान्यांसाठी खुर्च्यांच्या गाद्यांच्या खोळी शिवायच्या, संध्याकाळी शिवणयंत्रावर कापड टाकायचं आणि निजायचं, असं माझं चाललं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मनवरातून किंचाळी आली.

"कोण गं ती? वरून तूप कोण ओततंय? माझी झबली!"

वरून रावियाचा दबका आवाज. "तूप नाही. मोगात आहे."

मोगात म्हणजे बाळंतिणीला पाजतात ते तुपातलं, सुक्यामेव्याचं दाट पेय. अंगात दूध उतरावं म्हणून.

"मोगात? ओतून दिलं?" शैमाचा आवाज एकदम बदलला. "लाकडाचा भुसा तुपात कालवल्यासारखं लागतं ना?"

"अगदी तसंच लागतं."

"मग निदान बघून तरी ओता! मलाही रोज ओतावंसं वाटतं, पण माझ्या खाली सासूच्या कोंबड्या आहेत. त्यांनी पिऊन दुप्पट अंडी दिली तर पकडली जाईन."

रावियाला हसू फुटलं. तिचं हसणं उचकी लागल्यासारखं होतं, थांबवू म्हटलं तरी थांबायचं नाही. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "तुम्ही त्या शाळेतल्या बाई ना?" खालून विचारणा झाली. तेव्हापासून शैमा तिला बाई म्हणू लागली.

दोघींच्या सासवा रोज अकराला बरोबर बाजारात जायच्या आणि दुपारच्या, जोहरच्या बांगेला परत यायच्या. तेवढा तास या दोघींचा. आणि त्यांनी एक खेळ काढला. रोज प्रत्येकीनं एक गोष्ट बोलायची, जी सासूसमोर बोलली तर घरात भूकंप होईल. सुरुवात ठरलेली. शैमा खालून ओरडायची, "काय बाई, आज तुमचं काय?"

"आज माझं असं आहे," राविया वर्गात उभी असल्यासारखी सांगायची, "की मुलाला ढेकर काढायला लावण्यापेक्षा चाळीस मुलींना अपूर्णांक शिकवणं सोपं आहे. आणि जास्त गरजेचंही."

"माझं असं, की मूल झोपलं की मला त्याची माया येते. जागं असताना नाही."

"येणारी प्रत्येक बाई जियादचा मुका घेते. त्याला विचारतं कोण? मला दारावर पाटी लावावीशी वाटते."

"रडू द्यावं थोडं पोरांना! आमच्या आईनं नऊ जणांना रडू दिलं. सगळे धडधाकट आहेत. सगळे मासे पकडतात."

"मला उम्म जियाद म्हटलेलं आवडत नाही. सदतीस वर्षं मी राविया होते, आणि एका सोमवारी सगळ्यांनी ते नाव पुसून टाकलं."

यावर शैमा म्हणाली, "मी बाईच म्हणते की तुम्हाला."

"म्हणून तर तुला सांगितलं."

एकदा शैमा म्हणाली, "नवरा कुवेतला असणं ही चैन आहे हो बाई. माझा रोज घरी येतो, अंगाला पॉलिशचा वास घेऊन, आणि मला विचारतो, दिवसभर काय केलंस?"

"माझा पत्रात विचारतो. मुलगा कसा आहे, आई कशी आहे."

"आणि तुम्ही?"

"ते तिसरं वाक्य असायला हवं. अजून आलेलं नाही."

आता माझं सांगते. पहिले दोन दिवस मी कामात होते आणि कानावर पडलं, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी अकराच्या आत यंत्र थांबवलं. चौथ्या दिवशी खिडकीशी स्टूल नेऊन ठेवलं. खिडकी उघडी, पडदा ओढलेला, आणि मी त्यामागे मूग गिळून बसलेली. त्यांचं बोलणं माझ्या नाकासमोरून खालीवर जात होतं. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्याकडे पडद्याला होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, मजा वाटली. अकरा वर्षांत इतकी मजा मला वाटली नव्हती. भाजी चिरताना मी माझीही वाक्यं तयार करायची, एकेक असं झणझणीत, की त्या दोघी खिडकीतून पडल्या असत्या. पण बोलले नाही. बोलले असते तर त्या थांबल्या असत्या.

पंचविसाव्या दिवशी राविया म्हणाली, "शैमा, चाळिसावा दिवस झाला की मी खाली येणार. तुझ्या घरी बसणार, तुझं तोंड नीट पाहणार."

"बघाच. माझा पुढचा दात तुटलाय."

"चेष्टा नको. मी चौदा वर्षं शाळेत होते, तिथे मला ओळखणाऱ्या बायका होत्या, मैत्रीण नव्हती. या गावात तर तुझ्याशिवाय कोणीच नाही. मी दिवस मोजतेय. पंधरा उरले."

"मीही मोजतेय," शैमा म्हणाली. "पण मला तुमच्यासारखं मोजता येत नाही, बोटं कमी पडतात."

एकोणतिसाव्या दिवशी हबीबा रात्रभर रडली. शैमाचं दूध कमी झालं होतं. का झालं, अल्लाहला ठाऊक. पोरगी दमली होती, धड जेवत नव्हती. पण सासूला कोंबड्यांजवळच्या फरशीवर मोगातचे डाग सापडले, त्यावरून खोदून खोदून विचारणं झालं, आणि मनवरातल्या गप्पा बाहेर आल्या. काय बोलतात ते कळलं नाही, बोलतात एवढंच. इज्बतहून शैमाची आई आली. आई आणि सासू, दोघी म्हाताऱ्यांची बैठक बसली. तोंड पाहिलं नाही, पण आवाज गेला, तर तो मुशाहरा धरायचा की नाही? शेवटी धरायचा ठरलं. उरलेले दिवस शैमाला माहेरी न्यायचं, वरच्या बाईला पत्ता लागू न देता.

आणि तिसाव्या दिवशी सकाळी दहाला शैमाची सासू माझ्या दारात आली. "सनिया, तू जरा जिन्यात उभी राहा. वरून ती उतरताना दिसली तर खोक."

मी उभी राहिले. का, ते विचारू नका. कुणी मला काही काम सांगितलं याचंच मला बरं वाटलं असेल. शैमाला डोक्यावरून घोंगडी पांघरून, बाळाला छातीशी धरून, गुपचूप खाली नेली. वळणावर तिनं घोंगडीतून मान वर करून चौथ्या मजल्याकडे बघितलं, तर आईनं तिचं डोकं पुन्हा खाली दाबलं. खोकायची वेळ आली नाही.

सासू तिला टांग्यापर्यंत पोचवून तशीच बाजारात गेली. त्यांच्या घरात कोणी नव्हतं. पण स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली होती आणि रेडिओ चालू होता.

अकरा वाजले. मी सवयीनं स्टुलावर येऊन बसले होते. वर खिडकी उघडली.

"शैमा? आहेस ना?" खाली रेडिओ वाजत होता. "बोलू नकोस. आज मी आधी सांगते, नाहीतर धीर व्हायचा नाही."

मला वाटलं, आत्ता सांगावं, पोरी, खाली कुणी नाही. एवढंच वाक्य होतं.

"दुधाबरोबर माया उतरते म्हणतात ना," राविया म्हणाली. "माझं दूध उतरलं. माया नाही उतरली. मी त्याला वेळेवर पाजते, वेळेवर धुते, एक मिनिट इकडे तिकडे होत नाही. पण मला वाटत राहतं, हे मूल दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि माझ्याकडे सांभाळायला दिलंय. काल दुपारी हाज्जा त्याला घेऊन तिच्या खोलीत निजली. मनात आलं, तो आता तिकडेच राहिला तर? आणि मला हायसं वाटलं. शैमा, हायसं वाटलं मला. तुला वाटतं असं कधी? की माझ्यातच काही बिघडलंय?"

रेडिओवर कुणीतरी बातम्या देत होतं.

"शैमा?"

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं. माझ्या आईला आठ मुलं, मी पाचवी. ती आम्हांला जेवू घालायची, न्हाऊ घालायची, आणि आमच्याकडे बघायची नाही. मी लहानपणापासून ओळखून होते, आणि तरीही ती वाईट आई नव्हती. हे मला वर सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण मग तिला कळलं असतं, की गेले अठरा दिवस मी ऐकतेय, आणि आज जिन्यात मीच राखण केली.

"गंमत केली गं," वरून आवाज आला. "शैमा, ऐकलंस का, गंमत केली. आजचा तो विनोद होता."

तेवढ्यात रमदान जेवायला घरी आला. त्यानं काही ऐकलं नव्हतं, त्याच्या आधीच राविया बोलून चुकली होती. त्यानं रेडिओ बंद केला आणि, माश्या येतात म्हणून असेल, खिडकी धाडकन लावून घेतली.

वर तिचीही खिडकी लागली, अगदी हळू.

ते दहा दिवस मी रोज ठरवायची की आज वर जाऊन सांगायचं. घरात मिरच्या असताना मिरच्या मागायला जायची. हाज्जा समोर असायची. नसायची तेव्हा मी मिरच्या घेऊन परत यायची. राविया अंगानं निम्मी झाली होती. मुलाला मांडीवर सरळ धरून बसायची, आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणायची, "किती गोड आहे ना?" परीक्षेत विचारल्यासारखं.

चाळिसावा दिवस झाला आणि शैमा परत आली. दुसऱ्याच दिवशी, बाळाला घेऊन, ताटभर मुशब्बक, जिलेबीसारखी मिठाई, घेऊन ती वर गेली. हाज्जानं मलाही बोलावलं होतं. दिवाणखान्यात हाज्जा, शैमाची सासू, मी, आणि कोचाच्या टोकावर राविया, नवा झगा घालून. दार उघडलं, आणि त्या दोघींनी पहिल्यांदा एकमेकींना पाहिलं.

शैमा चांगली उंच निघाली, दात खरंच तुटलेला होता. तिचा चेहरा नुसता फुलला होता. माहेरी तिनं दहा दिवस हाच एक क्षण उराशी धरला असणार. सासवा मिठाईकडे वळलेल्या बघून ती रावियाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "काय बाई, आज तुमचं काय?"

रावियाचा रंग उडाला. मी समोर बसले होते, मला दिसलं. शैमाला तिचं गुपित ठाऊक आहे, आणि आता सासूसमोर ती ते काढून दाखवतेय, एवढंच तिला त्यात ऐकू आलं. ती ताठ झाली आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझं काय असणार? अल्लाहची मेहेर. जियाद माझ्या डोळ्यांचा उजेड आहे. आई झाल्याशिवाय बाईला सुख काय ते कळत नाही."

"शाब्बास," हाज्जा म्हणाली. "ऐका, शिकलेली सून."

शैमा तिच्याकडे बघत राहिली. अजून पुढे काही येईल, डोळा मिचकावला जाईल, म्हणून थांबली. मग तिचा चेहरा पडला. तिला काय वाटलं असेल ते मला नीट कळत होतं. की मनवरात तोंड दिसत नव्हतं तोवर ठीक होतं, आता समोर पॉलिशवाल्याची बायको दिसल्यावर बाईंना लाज वाटली. "हो ना, उम्म जियाद," ती म्हणाली. "खरंच आहे."

हे नाव ऐकून रावियानं मान खाली घातली.

माझ्या एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. माझ्या तोंडात मुशब्बक होतं. मी ते चावत राहिले आणि म्हणाले, छान कुरकुरीत झालंय.

त्यानंतर अकराला दोन्ही खिडक्या बंद असायच्या. जिन्यात भेटल्या तर त्या एकमेकींची विचारपूस करायच्या, मुलं कशी आहेत, दात आले का. मुलं गोडच असायची. हिवाळ्यात रमदानला इज्बतच्या बाजूला कुठेतरी दुकान मिळालं. त्यांचं सामान गाडीवर चढलं, तेव्हा राविया चौथ्या मजल्याच्या सज्ज्यात उभी होती. शैमानं वर बघितलं नाही.

त्याच दुपारी मी एकदाची वर गेले. हाज्जा शेजारी गेलेली. जियाद आता बसायला लागला होता, राविया त्याला दही भरवत होती.

"तुला एक सांगायचंय," मी दारातच म्हणाले. "तिसाव्या दिवशी तू बोललीस तेव्हा शैमा खाली नव्हती. सकाळी दहालाच तिला माहेरी नेली होती. खिडकी रमदाननं लावली. त्या पोरीनं एक अक्षर ऐकलं नाही."

मला वाटलं होतं, तिचा जीव भांड्यात पडेल. तिनं मुलाचं तोंड पुसलं, फडक्याची घडी घातली.

"मग कुणी ऐकलं?"

"मी."

"पहिल्यापासून?"

"झबल्यांवर मोगात सांडलं तेव्हापासून."

ती उठून दारापर्यंत आली. रागावली नव्हती. उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या मुलीकडे तिनं असंच पाहिलं असेल. "सनियाखाला, मी विचारलं होतं की माझ्यात काही बिघडलंय का. मी तीनदा हाक मारली. तुम्ही एक मजला खाली होतात."

"हो."

"तुम्हाला तेव्हा वाटलं होतं, की माझ्यात बिघडलंय?"

"नाही. माझी आई तशीच होती. मला वाटलं, तू खरं बोललीस."

"मग बोलला का नाहीत?"

खोटं सांगायला बरंच काही होतं, सासवांची भीती, मुशाहरा. पण मी तिला खरं ते सांगितलं. "तुमच्या दोघींचं बोलणं बंद पडलं असतं, तर माझ्या घरात दिवसभर कुणाचाच आवाज आला नसता. म्हणून."

"आणि आता येतो?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

आत जियाद रडायला लागला. ती गेली, त्याला कडेवर घेऊन परत आली, आणि दार लावून घेतलं.